चिरडीस आणू नका : वडिलांच्या शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रे वडील आणि मुले यांच्यातील बोलण्याविषयी, किंवा अबोल्याविषयी, आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. अभ्यासात तो मध्यम आहे. पण त्याची कुवत याहून जास्त आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी त्याला त्याच्या चुका दाखवतो, चुलत भावाचे उदाहरण देतो, कधी रागावतोही. गेल्या वर्षभरात तो माझ्याशी बोलेनासा झाला आहे. काही विचारले तर 'हो', 'नाही', 'माहीत नाही' एवढेच उत्तर येते. मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंनी मला 'मुलांना चिरडीस आणू नका' हे वचन दाखवले. परंतु छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी आहे, असेही पवित्र शास्त्रच, म्हणजे बायबलच, सांगते. मग बापाने नेमके करावे तरी काय? — एक वडील

उत्तर : प्रिय बंधू, आपण मुलाच्या भल्यासाठीच बोलता याविषयी मला शंका नाही. 'तो माझ्याशी बोलेनासा झाला आहे' हे वाक्य लिहिताना आपल्याला किती क्लेश झाले असतील, तेही मी समजू शकतो. ज्या वचनापाशी आपण अडखळलात तेथेच आपण थोडा वेळ थांबू या; कारण त्यात आज्ञेबरोबर आज्ञेचे कारणही दिले आहे, आणि आपल्या घरात जे घडले आहे ते त्या कारणात जवळजवळ शब्दशः आले आहे.

नव्या करारात, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२१), प्रेषित पौल बापांना सांगतो, की मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. येथे जे ग्रीक क्रियापद आहे, 'एरेथिझो', त्याचा अर्थ चेतवणे, डिवचणे असा होतो. नव्या करारात ते आणखी एकदाच आले आहे आणि तेथे त्याचा अर्थ चांगला आहे : अखयातील बंधूंच्या उत्सुकतेमुळे मासेदोनियातील पुष्कळांना हुरूप आला, असे पौल करिंथकरांस लिहितो (२ करिंथ ९:२). म्हणजे एकाच शक्तीने माणूस उभाही राहतो आणि आतल्या आत धुमसतही राहतो. बापाच्या शब्दांना ही शक्ती असते, मग बापाला त्याची जाणीव असो वा नसो.

'खिन्न होतील' यासाठी आलेला शब्द, 'आथुमेओ', नव्या करारात दुसरीकडे कोठेही नाही. मनातील उमेद, जोर नाहीसा होणे, असा त्याचा भाव आहे. ख्रिस्ताच्या आधी जुन्या कराराचे जे ग्रीक भाषांतर झाले त्यात हाच शब्द हन्नेच्या कथेत सापडतो (१ शमुवेल १). हन्नेला मूल नव्हते. तिची सवत पनिन्ना तिला त्यावरून वर्षानुवर्षे, आणि तेही कुटुंब उपासनेसाठी परमेश्वराच्या मंदिरात जात असे त्या वेळी, डिवचत असे. मग हन्ना रडे आणि जेवत नसे. या प्रसंगातील एक गोष्ट प्रत्येक बापाने मनाशी धरावी, असे मला वाटते. पनिन्ना बोलत होती त्यात खोटे काही नव्हते. हन्नेला खरोखरच मूल नव्हते. तरीही त्या खऱ्या बोलण्याने हन्नेचे मन मोडले, कारण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, तिच्यावर उपाय करणे तिच्या हाती नसताना, तिला ऐकवली जात होती. आपल्या मुलाला गणितात गुण कमी पडतात हे खरे असेल, तो आळस करतो हेही खरे असेल. पण खरी गोष्ट शंभरदा ऐकवल्याने ती शंभरपट उपयोगी होत नाही. काही काळानंतर मुलाला त्यातून एवढेच कळते, की आपण काहीही केले तरी बाबांना ते पुरेसे होणार नाही. एकदा हे मनात पक्के बसले, की मुले प्रयत्न सोडतात आणि मग बोलणेही सोडतात. वरून हा हट्ट दिसतो. आतून ती खिन्नताच असते.

पौलाने हे ज्या काळात लिहिले त्या काळाचाही विचार करण्यासारखा आहे. रोमी कायद्यात कुटुंबप्रमुख बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार होता, आणि तो मुले मोठी झाली तरी बापाच्या मृत्यूपर्यंत टिकत असे. रोमच्या प्राचीन बारा पाट्यांच्या कायद्यात बाप मुलाला विकू शकतो हे गृहीतच धरले होते. तीनदा विकल्यानंतर मात्र मुलगा त्याच्या अधिकारातून मुक्त होई. अशा जगात मुलांनी आज्ञा पाळावी हे सांगणारे पुष्कळ होते. पौलानेही ते आदल्याच वचनात सांगितले आहे. मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. वळून बापाकडे पाहतो आणि मुलाच्या मनाचे काय होईल याचा हिशेब त्याच्याकडे मागतो. ज्याच्या हाती सर्व अधिकार होता त्यालाच येथे मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा मुलाच्या अंतःकरणापाशी आहे.

आता चुलत भावाविषयी. याकोबाने योसेफाला पायघोळ झगा दिला तो प्रेमाने दिला. इतर मुलांना दुखवण्याचा हेतू त्यात नसावा. तरी त्यांनी बापाचे जास्त प्रेम कोणावर आहे ते पाहिले, आणि शास्त्र सांगते, की त्यानंतर त्यांना योसेफाशी सलोख्याने बोलता येईना (उत्पत्ती ३७:४). त्या घरातही बोलणेच आधी बंद पडले; भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकणे आणि विकणे या गोष्टी नंतर आल्या. खेदाची गोष्ट ही, की याकोब स्वतः अशाच घरात वाढला होता. त्याचा बाप इसहाक याचे भाऊ एसाव याच्यावर प्रेम होते आणि आई रिबकेचे याकोबावर. तुलनेचे दुःख भोगलेला मुलगा बाप झाल्यावर तीच चूक करू शकतो. म्हणून आपल्या लहानपणी आपली तुलना कोणाशी होत होती, ते एकदा शांतपणे आठवून पाहा.

छडीच्या वचनाला (नीतिसूत्रे १३:२४) मी बगल देणार नाही. नीतिसूत्रांत छडी म्हणजे शिक्षा, आणि काही ठिकाणी शारीरिक शिक्षाही, अभिप्रेत आहे हे नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण ते वचन ज्या दोषावर बोट ठेवते तो दोष म्हणजे बेफिकिरी : मुलगा वाया जात असताना बापाने पाहत बसणे. त्याच वचनाचा दुसरा भाग प्रेम करणाऱ्या बापाविषयी आहे. याच ग्रंथात इतरत्र (१९:१८) म्हटले आहे, की आशा आहे तोवर मुलाला शिस्त लाव, पण त्याच्या नाशाची इच्छा मनात आणू नकोस. त्याहून पुढे जाऊन तिसऱ्या अध्यायात (३:१२) परमेश्वराच्या शिक्षेची तुलना अशा बापाशी केली आहे, जो ज्या मुलाच्या ठायी संतुष्ट आहे त्याला बोध करतो. संतोष आधी आहे आणि बोध त्याच्या पोटात आहे. बाप आपल्यावर संतुष्ट आहे हे ज्या मुलाला ठाऊकच नाही, त्याला शिस्त ही केवळ नापसंतीची आणखी एक खूण वाटते. आणि हेही स्पष्ट लिहितो, की रागाच्या भरात उगारलेला हात, अंगावर वळ उमटवणारी मारहाण, चारचौघांत केलेला पाणउतारा यांना छडीच्या वचनाचा आधार देता येणार नाही. तसे घडत असेल तर ते लगेच थांबले पाहिजे आणि त्यासाठी बाहेरची मदत घेण्यात संकोच करू नये.

इफिसकरांस लिहिताना (६:४) पौल 'चिरडीस आणू नका' याच्यापुढे प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात मुलांना 'वाढवा' असे सांगतो. हेच क्रियापद त्याने आदल्या अध्यायात (५:२९) मनुष्य आपल्या देहाचे पालनपोषण करतो, यासाठी वापरले आहे. देहाला भूक लागली म्हणून कोणी देहावर ओरडत नाही, त्याला खाऊ घालतो. आपल्या मुलाला अभ्यासात काय कळत नाही, कोणत्या विषयाची त्याला भीती वाटते, वर्गात त्याच्याशी कोण कसे वागते, हे आपल्याला माहीत आहे का? माहीत नसेल, तर त्याच्या गुणांविषयी मत देण्याआधी ते जाणून घ्या.

प्रत्यक्षात आपण एवढे करा. चुलत भावाचे नाव घेऊन आपण जे बोललात त्याबद्दल त्याची क्षमा मागा, 'मी चुकलो' अशा साध्या शब्दांत, आणि त्या वाक्यापुढे 'पण' जोडू नका. त्यानंतर काही आठवडे अभ्यासाचा विषय आपण होऊन काढू नका. आपल्याला आवडो वा न आवडो, त्याला ज्यात गोडी आहे त्या गोष्टीपाशी त्याच्याबरोबर बसा. पहिले काही दिवस तो संशयानेच पाहील. वर्षभर मिटलेले मन आठवड्यात उघडत नाही. त्याला रागवावेच लागेल तेव्हा एकांतात, एकाच चुकीविषयी बोला आणि ती चूक संपली की विषयही संपवा. 'तू नेहमी असाच' हे वाक्य तर घरातून काढूनच टाका. त्या वाक्यात मुलाला बदलायला जागाच उरत नाही.

प्रश्न : माझे पती मुलांवर कधीही रागावत नाहीत आणि हातही उगारत नाहीत. लोक त्यांना शांत स्वभावाचे म्हणतात. पण ते मुलांशी बोलतच नाहीत. मुलीने बक्षीस आणले काय किंवा मुलाने खोटे बोलून दाखवले काय, ते सारख्याच शांतपणे वर्तमानपत्र वाचत राहतात. मुलांना यानेही निराशा येऊ शकते का, की मीच जास्त अपेक्षा करते? — एक आई

उत्तर : प्रिय भगिनी, आपली अपेक्षा वाजवी आहे. शास्त्रातील ज्या बापाच्या शांततेने सर्वांत जास्त नुकसान झाले, तो दावीद राजा होता. त्याची मुलगी तामार हिच्यावर त्याचाच मुलगा अम्नोन याने अत्याचार केला तेव्हा तो फार संतापला, असे लिहिले आहे, पण त्याने अम्नोनाला काही विचारल्याचे लिहिलेले नाही. तामारेचा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारले आणि तो गशूरला पळून गेला. तीन वर्षांनी तो परत आला, तरी यरुशलेमेत राहून पूर्ण दोन वर्षे त्याला बापाचे तोंड पाहायला मिळाले नाही (२ शमुवेल १४:२८). शेवटी आपले म्हणणे राजापर्यंत पोहोचावे म्हणून त्याने दाविदाचा सेनापती यवाब याच्या जवाच्या शेताला आग लावायला लावली. मोठ्या झालेल्या मुलाने बापाला भेटता यावे म्हणून कोणाचे तरी शेत जाळावे, यातील आर्तता मला प्रत्येक वाचनाच्या वेळी अस्वस्थ करते. पुढे त्याने बंड केले आणि तो मारला गेला. तेव्हा दावीद 'माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा' असा पुन्हा पुन्हा आक्रोश करत राहिला. ते शब्द जिवंत अबशालोमाच्या कानी पडायला हवे होते. दुसरा मुलगा अदोनीया, त्याच्याविषयी तर एकच ओळ पुरेशी आहे : त्याच्या बापाने 'तू असे का केलेस' असे विचारून त्याचे मन कधी दुखवले नव्हते (१ राजे १:६).

तेव्हा बक्षिसालाही काही न बोलणे आणि खोटेपणालाही काही न बोलणे या दोहोंतून मुलांना एकच अर्थ लागतो, की आपण काय करतो याने बाबांना काही फरक पडत नाही. आपले पती मनाने तसे नसतील. अनेक पुरुषांना त्यांच्या वडिलांकडून प्रेमाचा शब्द ऐकायलाच मिळालेला नसतो. त्यांच्या मनात माया असते, तिला भाषा नसते. म्हणून मुलांसमोर त्यांना बोल लावू नका, आणि मुलांचे निरोप त्यांच्यापर्यंत व त्यांचे निरोप मुलांपर्यंत नेण्याचे कामही हळूहळू कमी करा, कारण आपण मध्ये आहात तोवर त्यांना थेट बोलण्याची गरज भासणार नाही. दोघे निवांत असताना त्यांना आपल्या मुलीचे बक्षिसाच्या दिवशीचे डोळे कसे होते ते सांगा. आरोप न करता जे पाहिले ते सांगा. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांनी मुलांशी बोलायच्या वेळा दिल्या आहेत : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. त्यात सभा नाही की भाषण नाही. मुलीला शाळेत सोडायला त्यांनीच जावे, एवढी एक व्यवस्था झाली तरी पुष्कळ आहे. चालताना माणसे समोरासमोर नसतात, आणि अबोल माणसाला तेच सोयीचे पडते.

प्रश्न : मी शब्बाथ शाळेत शिकवतो आणि मला दोन लहान मुले आहेत. हल्ली सगळीकडे मुलांचे कौतुक करा असे सांगितले जाते. सतत कौतुक ऐकून मुले गर्विष्ठ आणि नाजूक होतील, अशी मला भीती वाटते. शास्त्रातील उत्तेजन आणि हे कौतुक एकच का? — एक शिक्षक

उत्तर : एकच नाही, आणि आपली भीती निराधार नाही. एली याजकाने आपल्या मुलांना दुष्टपणापासून आवरले नाही म्हणून त्याच्या घराण्यावर न्याय आला (१ शमुवेल ३:१३). त्याने त्यांना बोलून पाहिले होते, पण फार उशिरा आणि फार मऊ शब्दांत. गोड बोलणे हे उत्तेजनाचे दुसरे नाव असते, तर एली उत्तम बाप ठरला असता.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:११-१२) पौल आपल्या सेवेची तुलना बापाशी करतो आणि त्यासाठी बोध करणे, धीर देणे आणि देवाला शोभेल असे चालण्यास आग्रहाने सांगणे अशी क्रियापदे वापरतो. यांतील एकही क्रियापद मुलाला तो आहे तेथेच सोडत नाही. प्रत्येक त्याला पुढच्या पावलाकडे नेते. 'तू किती हुशार' हे वाक्य मुलाला काही करायला सांगत नाही, उलट ती हुशारी सांभाळण्याचे ओझे त्याच्यावर टाकते. 'तुला ते येत नव्हते तरी तू तीनदा करून पाहिलेस, हे मी पाहिले' या वाक्यात मुलाला स्वतःची चाल दिसते. आणि त्या वचनातील 'प्रत्येकाला' हा शब्द सोडू नका. बापाचा बोध सगळ्यांना मिळून एकदम दिला जात नाही, तो मूल पाहून दिला जातो.

शाबासकी देण्यात मात्र कृपणता नको. प्रभू येशूच्या रुपयांच्या दृष्टांतात (मत्तय २५) पाचांचे दहा करणाऱ्याला जी शाबासकी मिळते, अक्षरशः तीच दोनांचे चार करणाऱ्याला मिळते. धनी दोघांची तुलना करत नाही, जे सोपवले होते त्याच्याशी प्रत्येकाच्या विश्वासूपणाचे माप लावतो. आपल्या दोन मुलांना एकच फूटपट्टी लावण्याचा मोह होईल तेव्हा ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा.

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, ते येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. आमच्या कुटुंबाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना हौसेने वचन वाचत असे. मी त्याला प्रत्येक चुकीच्या उच्चाराला थांबवीत असे. देवाचे वचन शुद्ध वाचले पाहिजे, हा माझा आग्रह होता. काही आठवड्यांनी पुस्तक त्याच्याकडे दिले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच वाचा." त्यात राग नव्हता, म्हणून मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. पुढे तीन वर्षे त्याने घरात मोठ्याने वाचले नाही. मी दाखवलेल्या चुका सगळ्या बरोबर होत्या. पण तो अडखळत का होईना, वाचत होता आणि त्याला वाचायचे होते, ही त्याहून मोठी गोष्ट मी एकदाही बोलून दाखवली नाही.

अपयशी ठरलेल्याला धीर देण्याचे उदाहरण हवे असेल, तर बर्णबाकडे पाहा; त्याला प्रेषितांनी दिलेल्या नावाचा अर्थच धीर देणारा असा आहे. योहान मार्क प्रवासात पंफुल्याहून परत फिरला, तेव्हा पुढच्या वेळी त्याला सोबत घेण्यास पौलाने नकार दिला आणि त्यावरून दोघे सोबती वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५). बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. त्याने मार्काचे परत फिरणे योग्य ठरवले, असे कोठेही म्हटलेले नाही. त्याने त्याला पुन्हा काम दिले. 'मुलांना चिरडीस आणू नका' हे ज्या पत्रात आहे त्याच पत्राच्या शेवटी (४:१०) पौल लिहितो, की बर्णबाचा भाऊबंद मार्क तुमच्याकडे आला तर त्याचे स्वागत करा.

प्रश्न : माझ्या वडिलांनी मला कधी एकही चांगला शब्द दिला नाही. आता ते थकले आहेत आणि त्यांची देखभाल मीच करते. 'आपल्या बापाचा मान राख' ही आज्ञा मी पाळते, पण मनात कडवटपणा आहे. त्याहून मोठी अडचण ही, की प्रार्थनेत 'हे आमच्या पित्या' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर त्यांचाच चेहरा येतो आणि शब्द घशात अडकतो. — एक मुलगी

उत्तर : प्रिय भगिनी, आपण जे करत आहात तोच मान आहे. फार मोठ्या भावना असतील तरच मान राखला असे होते, ही समजूत आपल्या मनातून मला दूर करायची आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने या आज्ञेचा अर्थ लावताना आईबापांच्या पोषणाविषयी बोलून दाखवले. जे त्यांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना त्याने दोष दिला. आपण आपला वेळ आणि हात त्यांना देत आहात. त्यांनी दुखवले नाही असे म्हणण्याची सक्ती ही आज्ञा करत नाही. इब्री लोकांस पत्रातही (१२:१०) देहाच्या बापांनी 'आपल्याला योग्य वाटले तशी' शिक्षा केली, असे मोकळेपणाने म्हटले आहे. त्यांचे ते वाटणे चुकू शकते, हे त्यात गृहीत आहे. आपल्या वडिलांच्या बोलण्याचा त्रास आजही होत असेल, तर देखभालीत इतरांना सामील करून घेणे, काही काळ दूर राहणे, यात आज्ञाभंग नाही.

देवाला पिता म्हणण्याविषयी सांगायचे, तर आपण उलट्या बाजूने चालू या. प्रभू येशू देवाची ओळख करून देताना आपल्या वडिलांसारखा, असे म्हणत नाही. तो म्हणतो, तुम्ही वाईट असताही मुलांना चांगल्या देणग्या देणे तुम्हाला समजते, तर स्वर्गीय पिता किती विशेषेकरून देईल (लूक ११:१३). त्या 'किती विशेषेकरून' या शब्दांत पृथ्वीवरच्या सगळ्या बापांचे अपुरेपण मान्य केलेले आहे. आपल्याला जे मिळाले नाही म्हणून आपण इतकी वर्षे दुःखी आहात, ते मिळायला हवे होते ही जाणीव आपल्या मनात कोठून आली? पित्याने कसे असावे हे आपल्या आत कोणीतरी लिहून ठेवले आहे, आणि आपण त्याच्याशीच बोलत आहात.

शब्द अडकत असेल तर काही काळ स्तोत्रांचे शब्द वापरा. सत्ताविसाव्या स्तोत्रात आईबापांनी सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील, असे म्हणणारा माणूस आपलाच सोबती आहे. एकशे तिसऱ्या स्तोत्रात बाप मुलांवर दया करतो तसा परमेश्वर दया करतो, असे म्हटल्यावर लगेच त्याचे कारण दिले आहे : आपण माती आहोत, याची तो आठवण ठेवतो. चुका मोजणाऱ्या बापाचे हे वर्णन नाही. यार्देनेच्या पाण्यातून येशू वर आला तेव्हा 'हा माझा परमप्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे' ही वाणी झाली, आणि तोपर्यंत मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचे एकही प्रवचन किंवा चमत्कार आलेला नाही. जे ख्रिस्ताचे आहेत त्यांच्याकडे पिता याच दृष्टीने पाहतो, असे मी मानतो, आणि आपल्याकडेही. हे ऐकून लगेच कडवटपणा जाईल, असे आश्वासन मी देत नाही. एखाद्या समजूतदार बहिणीबरोबर किंवा पाळकांबरोबर बसून हे सारे एकदा मोठ्याने बोला. मनात कोंडलेले दुःख प्रार्थनेतही आडवे येते.

प्रश्न : मी निवृत्त झालो आहे. मुलगा लहान असताना मी फार कठोर होतो. आज तो बत्तीस वर्षांचा आहे, दूर राहतो, आईला फोन करतो, पण माझ्याशी बोलत नाही. आता उशीर झाला आहे का? — एक वृद्ध वडील

उत्तर : आदरणीय बंधू, जुना करार ज्या वचनाने संपतो त्यात परमेश्वराने पाठवलेला संदेष्टा एलीया बापांची मने मुलांकडे आणि मुलांची मने बापांकडे फिरवील असे अभिवचन आहे (मलाखी ४:६). क्रम पाहा, बाप आधी आहेत. लूकाच्या पहिल्या अध्यायात देवदूत हेच वचन बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या याला, होणाऱ्या मुलाविषयी, सांगतो, तेव्हा तर तो बापांची मने मुलांकडे फिरवण्याचाच भाग बोलतो. तो जखऱ्या आपल्यासारखाच वृद्ध होता. त्याने विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेली, आणि मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी ती परत आली. तेव्हा त्याने देवाची स्तुती केली आणि मग त्या आठ दिवसांच्या मुलाकडे वळून 'हे बाळका, तुला परात्पराचा संदेष्टा म्हणतील' असे म्हटले. इतके दिवस मुक्या राहिलेल्या बापाचे मुलाला उद्देशून नोंदलेले ते पहिले शब्द आहेत.

तेव्हा पाऊल आपण उचलायचे आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात मुलगा परत येतो आणि बाप धावतो. आपल्या बाबतीत घर सोडून दूर गेलेले आपणच आहात, असे समजून चला. फोनवर त्याला अवघड जाईल, म्हणून हाताने पत्र लिहा, आणि ते एका पानाहून मोठे नको. आपल्याला आठवत असलेला एखादा प्रसंग, ज्यात आपण त्याला दुखवले, तो त्याच्या बाजूने लिहा : काय बोललात, कोणासमोर बोललात, आणि ते चूक होते. त्या काळी पैशाची ओढाताण होती, माझे वडीलही असेच होते, हे सगळे खरे असले तरी त्या पत्रात आणू नका; त्याने विचारले तर पुढे कधीतरी सांगता येईल. तो लहान असताना त्याच्यातील जी गोष्ट पाहून आपल्याला मनातून आनंद होत असे आणि जी आपण कधी बोललात नाही, ती लिहा. त्याने क्षमा करावी, भेटायला यावे, उत्तर द्यावे, असे काहीही मागू नका. त्याच्या आईकडून 'पत्र मिळाले का' असे विचारवूही नका.

उत्तर कदाचित येणार नाही. आले तरी त्यात राग असू शकेल, आणि तो आला तर समजा की तो पुन्हा आपल्याशी बोलू लागला आहे. त्याचे उत्तर समर्थनाने देऊ नका, 'तू सांगितलेस, बरे झाले' एवढेच लिहा. काहीच आले नाही, तर त्याच्या वाढदिवसाला पुन्हा चार ओळी लिहा. दरम्यान रोज त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा, आणि त्या प्रार्थनेत त्याला बदलण्याविषयी काही मागू नका.